चौदाव्या आठवड्याची लस आणि फ्रीजमधलं आईचं दूध

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

प्रत : मा. महिला व बालविकास मंत्री, मा. कामगार मंत्री

विषय : काढून ठेवलेलं आईचं दूध घरी कसं सांभाळावं, याबद्दल आपल्या हवामानाला आणि आपल्या घरांना धरून मराठीतून एकच अधिकृत सूचनापत्र काढण्याबाबत.



दरवर्षी १ ते ७ ऑगस्टला जागतिक स्तनपान सप्ताह साजरा होतो. जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्या, सहा महिने फक्त आईचं दूध द्या, पाणीसुद्धा नको, हे आता खेड्यापाड्यातल्या सुनांनाही तोंडपाठ आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘मा’ हा कार्यक्रम सुरू केल्यापासून आशाताई हे घरोघरी जाऊन सांगतात. ते सगळं योग्यच आहे आणि मला ते मनापासून पटतं. माझं पत्र आहे ते आई कामावर जाते त्या दिवसापासून पुढच्या काळाबद्दल.

हिशेब साधा आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली सुधारणा झाली आणि पहिल्या दोन बाळांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. पूर्ण आठ घेतले तर मागे १८ उरतात, म्हणजे बाळ जेमतेम सव्वाचार महिन्यांचं असताना आई पुन्हा कामावर. आधी दोन मुलं असतील तर सगळी मिळून रजा १२ आठवड्यांची. एका बाजूला आपण सांगतो की सहा महिने दुसरं काही देऊ नका आणि दुसऱ्या बाजूला कायदाच तिला त्याआधी घराबाहेर बोलावतो. मधले आठवडे भरून काढायला एकच मार्ग उरतो. तिने दूध काढून ठेवायचं आणि घरी दुसऱ्या कुणीतरी ते बाळाला पाजायचं.

ते दुसरं कुणीतरी म्हणजे मी. मी निवृत्त शिक्षिका आहे, नागपुरात राहते. माझी सून नोकरी करते. सकाळी निघण्यापूर्वी ती दूध काढून ठेवते, दुपारी कामाच्या ठिकाणी काढून संध्याकाळी घेऊन येते, आणि दिवसभर वाटी-चमच्याने नातीला ते पाजण्याचं काम माझं. आमच्या गल्लीतच अशा आणखी आज्या आहेत. कुठे मावशी आहे, कुठे पाळणाघरातल्या ताई, कुठे घरकामाला येणारी बाई, आणि एका घरी तर आजोबा. या हातांना काढलेल्या दुधाबद्दल कुणीही काहीही शिकवलेलं नाही. बाळंतपण झालं तेव्हा दवाखान्यात आम्हाला लसींचा तक्ता मिळाला, बाळाला छातीशी कसं धरावं याची चित्रं मिळाली. दूध किती वेळ टिकतं, हे कागदावर कुठेच नव्हतं. विचारलं तेव्हा एकीने आठ तास सांगितले, दुसरीने चार, आणि तिसरीने सांगितलं की काढून ठेवायच्या भानगडीत पडूच नका, डबा आणा.

डबा म्हणजे पावडरीचं दूध. त्याची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. पण घाबरलेल्या आजीला जाहिरात लागत नाही. आपल्या हातून लेकराला बाधेल एवढी शंका तिला डब्याकडे वळवायला पुरते. शंका दूर करणारा कागद हातात असता तर आमच्या गल्लीतल्या दोन घरी डबा आलाच नसता, असं मला खात्रीने वाटतं.

आता आकड्यांकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे. मोबाइलवर शोधलं की अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचे आकडे समोर येतात : खोलीत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिने उत्तम आणि बारा महिन्यांपर्यंत चालेल. हे आकडे खोटे नाहीत. पण तिथली खोली २५ अंशांची किंवा त्याहून थंड धरलेली आहे, फ्रीज ४ अंशांचा आणि फ्रीझर उणे १८ अंशांचा. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४५ अंश असतात तेव्हा कूलर लावूनही घरातली हवा २५ वर येत नाही. स्तनपानविषयक डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय अकादमीने २०१७ च्या मार्गदर्शनात २७ ते ३२ अंशांच्या हवेत चार तास ही वाजवी मर्यादा मानली आहे. त्याच्या पुढे काय? १९९६ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. काढलेलं दूध १५ अंशांवर २४ तास आणि २५ अंशांवर ४ तास सुरक्षित राहतं, पण ३८ अंशांवर जंतू थोड्या वेळातही बरेच वाढतात, तेव्हा त्या तापमानात ते ठेवूच नये, असा त्याचा निष्कर्ष आहे.

महोदय, ३८ अंश म्हणजे चंद्रपूर, अकोला, जळगाव, नांदेडच्या पत्र्याच्या घरातली दुपार. तिथल्या बाईला कुणी आठ तासांचा आकडा सांगत असेल तर तो पावसाळ्यातल्या महाबळेश्वरचा आकडा आहे. चांगल्या हेतूने दिलेला तो सल्ला तिच्या बाळाला जुलाबांपर्यंत नेऊ शकतो. म्हणून माझी पहिली मागणी ही की महाराष्ट्रासाठीच्या कागदावर उन्हाळ्याचा रकाना वेगळा असावा, आणि त्यात ‘दूध काढल्याबरोबर फ्रीजमध्ये, बाहेर ठेवायचं नाही’ हे मोठ्या अक्षरांत असावं.

फ्रीजचंही तेच. परदेशी सूचना वाचून माझ्या सुनेने रजेतच फ्रीझरमध्ये साठा करायला सुरुवात केली, कारण तिथे सहा महिने लिहिलेलं होतं. आमचा फ्रीज एका दाराचा आहे, महाराष्ट्रातल्या लाखो घरांत असतो तसा. त्याच्या आत वरच्या बाजूला बर्फाचा खण, त्याला प्लॅस्टिकची झडप. तो खण म्हणजे स्वतंत्र दाराचा उणे १८ अंशांचा फ्रीझर नव्हे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने फ्रीजच्या आतल्या अशा बर्फाच्या कप्प्यासाठी निराळी मुदत दिली आहे : दोन आठवडे. सहा महिने आणि दोन आठवडे यांत किती अंतर आहे ते आपण पाहा. त्याच सूचनांत असंही आहे की फ्रीज ४ अंशांहून जास्त असेल, किंवा किती आहे ते ठाऊक नसेल, तर दूध तीन दिवसांत वापरावं. आपल्याकडे घरच्या फ्रीजचं तापमान कुणाला ठाऊक असतं? दाराच्या कप्प्यात, पाण्याच्या बाटल्यांशेजारी दुधाची बाटली ठेवली जाते, कारण ती तिथे उभी राहते. तो फ्रीजमधला सगळ्यांत गरम भाग. दिवसातून पन्नासदा दार उघडतं, मुलं थंड पाण्यासाठी उघडून तशीच उभी राहतात. दूध आत, मागच्या भिंतीजवळ ठेवायचं असतं, एवढं एक वाक्य कुणी सांगितलं तरी किती दूध वाचेल.

आणखी एक गोष्ट, जी मला कुठल्याही सूचनेत वाचायला मिळाली नाही. एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाचा थर साचला की आपण मधलं बटण दाबून तो वितळवतो. घरातलं कुणीही दाबतं, रात्री दाबून झोपतं. खणातलं आईचं दूध त्याबरोबर वितळतं, आणि सकाळी फ्रीज पुन्हा चालू झाला की परत गोठतं. बघणाऱ्याला काहीच कळत नाही, बाटली गोठलेलीच दिसते. पूर्ण वितळलेलं दूध पुन्हा गोठवायचं नसतं. आपले तज्ज्ञ आपल्या घरांत शिरून बघतील तेव्हाच अशा गोष्टी कागदावर येतील.

लाइट जाण्याबद्दल वेगळं सांगायला नको. शहरात तासभर, तालुक्याच्या गावात चार-सहा तास, वादळ झालं तर रात्रभर. फ्रीजचं दार उघडलं नाही तर आतला थंडावा साधारण चार तास तग धरतो. गोठवलेल्या दुधात बर्फाचे कण शिल्लक असतील तर ते परत गोठवता येतं, पूर्ण पाणी झालं असेल तर फ्रीजच्या खालच्या भागात ठेवून दिवसभरात संपवायचं. हे ठाऊक नसल्यामुळे होतं काय, की लाइट आली की घाबरून सगळं मोरीत ओतलं जातं, नाहीतर सगळंच निर्धास्तपणे पाजलं जातं. रात्री दोनला उठून, झोप मोडून काढलेलं दूध ओतून देताना त्या मुलीचं तोंड बघवत नाही. ते दूध टिकलं नाही यात तिचा काय दोष?

आणि हे सगळं आपल्या खात्याला अवघड आहे असं मी मानायला तयार नाही. लसी २ ते ८ अंशांत ठेवून गडचिरोलीच्या शेवटच्या पाड्यापर्यंत पोचवणारी शीतसाखळी आपलेच कर्मचारी चालवतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसींच्या फ्रीजचं तापमान रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहिलं जातं, लाइट गेली तर काय करायचं ते भिंतीवर लावलेलं असतं, बर्फाच्या पट्ट्या घातलेल्या डब्यातून परिचारिका लस उन्हातान्हात नेते. तोच डबा, तेच ज्ञान. बर्फाच्या पट्ट्या असलेल्या बंद डब्यात आईचं दूध २४ तास राहू शकतं. जी परिचारिका लसीचा डबा हाताळते तिला हे शिकवायला एक दुपार पुरेल.

आता आज्यांविषयी थोडं सविस्तर, कारण मी त्यांच्यातलीच आहे आणि आमच्या सवयी मला माहीत आहेत.

आम्ही दूध घरात आलं की पहिल्यांदा तापवतो. न तापवलेलं दूध लेकराला देणं आमच्या हाताला जमतच नाही. गाई-म्हशीच्या दुधाला ते बरोबर आहे, धार काढण्यापासून पातेल्यात पडेपर्यंत त्यात काय काय मिसळू शकतं. आईच्या दुधाला उकळी आणली तर त्यातली रोगांशी लढणारी द्रव्यं आणि पाचक द्रव्यं जातात, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच उरत नाही. एका मैत्रिणीने मला विचारलं, मग दूधपेढीत का तापवतात? प्रश्न रास्त आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू केली. अशा पेढ्यांत दूध साडेबासष्ट अंशांवर तीस मिनिटं, अगदी मोजून तापवतात, कारण ते दुसऱ्या आईचं असतं आणि नाजूक, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जायचं असतं. स्वतःच्या आईचं दूध घरच्या निरोगी बाळाला देताना त्याची गरज नाही. हे कारणासकट सांगितलं की आजीला पटतं. नुसतं ‘उकळू नका’ म्हटलं तर ती सून बाहेर पडल्यावर उकळेल, प्रेमापोटीच.

दुसरं, ते दिसतं कसं. फ्रीजमध्ये ठेवलेल्या आईच्या दुधावर सायीसारखा थर येतो आणि खाली निळसर, पातळ पाणी दिसतं. बघणाऱ्याला वाटतं, फाटलं. ते फाटलेलं नसतं, स्निग्धांश वर आलेला असतो, बाटली हलकेच गोल फिरवली की पुन्हा एकजीव होतं. गोठवून वितळवलेल्या दुधाला कधी कधी साबणासारखा वास येतो, तोही दुधातल्याच एका पाचक द्रव्यामुळे, आणि ते दूध नासलेलं नसतं. नासलेल्या दुधाचा आंबूस वास निराळा, तो आम्हाला बरोबर ओळखता येतो. या दोन गोष्टी न कळल्यामुळे किती चांगलं दूध फेकलं जात असेल.

तिसरं, वितळवणं. आदल्या रात्री खणातून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवावं, पूर्ण वितळल्यापासून २४ तासांच्या आत वापरावं. घाई असेल तर बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात धरावी. गॅसवर नको आणि मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नको, त्यात दूध एका जागी थंड आणि एका जागी चटका बसेल एवढं गरम होतं. फ्रीजमधल्या थंड दुधात नुकतंच काढलेलं कोमट दूध ओतू नये, आधी ते वेगळं गार करावं. एका वेळी लागेल तेवढंच, ६० ते १२० मिलिलिटर, वेगवेगळ्या बाटल्यांत भरावं, गोठताना फुगतं म्हणून वर थोडी जागा सोडावी आणि झाकणावर तारीख-वेळ लिहावी. जुनं आधी संपवावं. बाळाने वाटीत ठेवलेलं उष्टं दूध दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्यावं, परत फ्रीजमध्ये ठेवू नये. आमच्या पिढीला अन्न टाकणं जिवावर येतं, म्हणूनच छोट्या बाटल्या.

हात धुण्याबद्दल, पंपाचे भाग प्रत्येक वापरानंतर साबणाच्या गरम पाण्याने धुऊन कोरडे करण्याबद्दल लोकांना बऱ्यापैकी कळतं. रिकाम्या झालेल्या पाण्याच्या बाटल्या वापरू नयेत, हे मात्र सांगावं लागेल. आणि अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी बाळांसाठी नियम याहून कडक असतात, तिथे डॉक्टर सांगतील तेच, हेही त्या कागदावर ठळक हवं.

मा. कामगार मंत्र्यांसाठी थोडंच लिहिते. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर हवं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे, आणि बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत तिला दूध पाजण्यासाठी दोन सुट्ट्या मिळाल्या पाहिजेत, हे कायद्यात आहे. पाळणाघर दूर असेल किंवा नसेलच तर ती त्या सुट्टीत दूध काढणार. कुठे? माझी सून सुरुवातीला स्वच्छतागृहात उभी राहून काढत होती. जिथे आपण जेवण करणार नाही तिथे बाळाचं जेवण का तयार व्हावं? आतून कडी लागणारी खोली, खुर्ची, बेसिन, पंपासाठी एक प्लग आणि फ्रीजमधला एक खण, एवढंच लागतं. एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष काढून या राज्याने हा विषय चारचौघांत आणला, त्याचा मला अभिमान आहे. त्या कक्षांत हात धुवायला पाणी आणि एक प्लग असला तर तालुक्याहून रोज ये-जा करणाऱ्या शिक्षिका, परिचारिका, महिला पोलीस तिथे थांबतील.

आणि ज्यांच्या घरी फ्रीजच नाही? ऊसतोडीला गेलेल्या बाईला, वीटभट्टीवरच्या बाईला मी हे बाटल्यांचं शास्त्र सांगू शकत नाही. तिचं बाळ फडाच्या कडेला झोळीत असतं, आणि तिला दूध साठवण्यापेक्षा बाळाजवळ बसायला वेळ आणि सावली हवी असते. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा अधिक लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईची नेमणूक करण्याची तरतूद आहे. तीच तरतूद साखर कारखान्यांच्या तोडीला लागू करा. महिला व बालविकास मंत्र्यांनी यात पुढाकार घ्यावा, अशी त्यांना वेगळी विनंती.

आपल्याकडे माझं मागणं नव्या योजनेचं नाही. बाळाच्या लसी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात असतात. चौदावा आठवडा म्हणजे सव्वातीन महिने, आईची रजा संपत आलेली. त्या दिवशी आईबरोबर बहुतेक घरची आजी किंवा मावशी असतेच, आणि लस दिल्यावर अर्धा तास थांबायला सांगतात. तो अर्धा तास आम्हाला द्या. परिचारिकेने आईशी आणि तिच्या शेजारी बसलेल्या बाईशी बोलावं, घरी फ्रीज कसा आहे, लाइट किती वेळ जाते, दिवसा बाळाजवळ कोण असतं हे विचारावं, आणि फ्रीजच्या दारावर चिकटवता येईल असं एक पान हातात द्यावं. आशाताई तिसऱ्या महिन्यात घरी येतातच, त्यांनी फ्रीज उघडून दूध कुठे ठेवायचं ती जागा दाखवावी. हेच पान माता व बाल संरक्षण कार्डातही छापावं. नोंदणी असलेल्या प्रत्येक पाळणाघरात ते लावणं सक्तीचं करावं. पान गोंडी, कोरकू, भिली आणि उर्दूतही निघावं, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी त्यावर चित्रं असावीत.

पानावरचे आकडे आपल्या राज्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी ठरवावेत. नागपूर, अकोला, सोलापूरच्या घरांत मे महिन्यात फ्रीजच्या आत आणि बाहेर किती तापमान असतं ते मोजून ठरवावेत. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्यात होण्यासारखं हे काम आहे. तोवर काढायच्या पानात सगळ्यांत सावध आकडे द्यावेत, म्हणजे निदान एकाच राज्यात तीन उत्तरं मिळणार नाहीत.

फेब्रुवारीच्या अखेरीस इकडे ऊन तापायला लागतं. पान त्याआधी आमच्या हातात पडावं. छपाईपूर्वी मजकूर आज्यांना वाचून दाखवायचा असेल, कुठे अडतं ते बघायचं असेल, तर आमच्या गल्लीतल्या आम्ही सगळ्या जणी यायला तयार आहोत. बोलावलंत तर येऊ.

आपली,
एक आजी, निवृत्त शिक्षिका
नागपूर